रंगमंचावरचा प्रकाश आणि झूम लेन्सची निवड

नाटक, शास्त्रीय संगीताची मैफल किंवा नृत्याचा कार्यक्रम टिपणाऱ्या छायाचित्रकारावर दोन बंधने आरंभापासूनच असतात : तेथील प्रकाश त्याच्या हातात नसतो आणि उभे राहण्याची जागाही बहुधा त्याच्या मर्जीची नसते. प्रकाशयोजनाकाराने प्रसंगाची वेळ, पात्राची मनःस्थिती आणि नेपथ्याचा रंग ध्यानात घेऊन जो प्रकाश बांधलेला असतो तो जसाच्या तसा स्वीकारावा लागतो, कारण फ्लॅशचा एक झोत पडताच ती सारी रचना त्या क्षणापुरती पुसली जाते, नटाची एकाग्रता भंगते आणि प्रेक्षकांचा रसभंग होतो. अशा वेळी चित्र चांगले येईल की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टींत लेन्सचे स्थान फार वरचे आहे. तरीही लेन्स विकत घेताना बहुतेक नवोदित पहिला प्रश्न विचारतात तो ती किती दूरचे जवळ आणते याचा. मंद प्रकाशातील कार्यक्रमांसाठी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ठरलेल्या जागेवरून, कार्यक्रमातील सर्वांत अंधाऱ्या प्रसंगी, हलणारा चेहरा स्पष्ट टिपण्याइतका प्रकाश ही लेन्स आत घेईल का, हा पहिला प्रश्न आहे आणि झूम लेन्सची सारी निवड त्याच्या उत्तरावर उभी राहते.

एफ-आकडा म्हणजे काय

लेन्सच्या कड्यावर दोन प्रकारचे आकडे कोरलेले असतात. ७०–२०० मिलिमीटर यांसारखे आकडे नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंथ सांगतात. ती जितकी जास्त तितका दृश्याचा कोन अरुंद होतो आणि दूरची वस्तू चित्रात मोठी दिसते. दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा असतो. नाभीय अंतराला समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-आकडा मिळतो, त्यामुळे आकडा लहान तितके छिद्र मोठे. २०० मिलिमीटरवर एफ/२.८ मिळवायचे तर छिद्राचा व्यास सुमारे ७१ मिलिमीटर असावा लागतो, तर एफ/५.६ साठी सुमारे ३६ मिलिमीटर पुरतो. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून एफ/२.८ ची लेन्स एफ/५.६ च्या लेन्सपेक्षा चौपट प्रकाश आत घेते. १.४, २, २.८, ४, ५.६ या मालिकेतील प्रत्येक पुढच्या पायरीवर प्रकाश निम्मा होतो आणि या पायरीलाच छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात.

मोठ्या छिद्राला मोठी काच लागते, मोठ्या काचेला अधिक वजन आणि अधिक पैसा लागतो, आणि ७०–२०० एफ/२.८ जातीच्या अनेक लेन्सच्या तोंडाशी ७७ मिलिमीटरचा फिल्टर का बसतो याचे कारणही हेच आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८–५५ मिलिमीटरच्या किट लेन्सवर मात्र एफ/३.५–५.६ असे दोन टोकांचे आकडे असतात. रुंद टोकाला ती एफ/३.५ पर्यंत उघडते, पण झूम पुढे नेत गेल्यावर तिची मर्यादा एफ/५.६ वर येते. याचा अर्थ असा की मागच्या रांगेतून नटाचा चेहरा जवळ आणण्यासाठी ज्या टोकाची गरज असते, नेमक्या त्याच टोकाला ही लेन्स सर्वांत कमी प्रकाश घेते. एफ/२.८ च्या व्यावसायिक झूममध्ये हा आकडा सर्व पल्ल्यावर कायम राहतो, त्यामुळे एकदा हाताने ठरवलेले शटर आणि आयएसओ झूम फिरवल्यावर बदलावे लागत नाहीत. छिद्राच्या मापाइतकीच ही सोय मोलाची आहे, कारण नाट्यप्रयोगात आकडे जुळवत बसायला वेळ मिळत नाही.

लक्स, शटर आणि आयएसओ यांचा हिशेब

पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या थेट उन्हात ती सुमारे १,००,००० लक्स असते, तर लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स पुरेसे मानले जातात. रंगमंचावर झगझगीत प्रसंगात याहून अधिक, तर रात्रीच्या प्रसंगात याचा काही अंशच प्रकाश चेहऱ्यावर पडतो. उदाहरणापुरते असे धरले की नटाच्या चेहऱ्यावर १०० लक्स आहेत आणि कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, ३२०० वर ठेवली आहे. तर प्रकाशमापनाच्या प्रचलित सूत्रानुसार एफ/२.८ ला शटर सेकंदाचा सुमारे १६० वा भाग उघडे ठेवावे लागते, एफ/४ ला ८० वा भाग आणि एफ/५.६ ला ४० वा भाग.

या तीन आकड्यांतच निवडीचे मर्म आहे. संवाद म्हणणारा नट फारसा चालत नसला तरी त्याचे डोके, हात आणि ओठ हलत असतात. अशा हालचालीसाठी १२५ वा ते १६० वा भाग साधारणपणे पुरतो, ८० व्या भागाला काही चित्रे स्पष्ट आणि काही पुसट येतात, तर ४० व्या भागाला चित्र हाती लागते ते केवळ नट क्षणभर थांबला तर. तबलावादकाची बोटे २५० व्या भागाखाली सहसा स्पष्ट येत नाहीत, आणि लावणीतील गिरकी किंवा कथ्थकमधील चक्कर गोठवायची तर ५०० व्या भागाच्या आसपास जावे लागते. याच १०० लक्समध्ये ५०० व्या भागासाठी एफ/२.८ ला आयएसओ सुमारे १०,००० लागेल, तर एफ/५.६ ला ४०,०००. पहिला आकडा आजच्या चांगल्या कॅमेऱ्यांना पेलतो. दुसऱ्या आकड्याला सावल्यांतील तपशील आणि त्वचेचा रंग दोन्ही खालावतात.

आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, आलेल्या अल्प प्रकाशाचा संकेत केवळ मोठा केला जातो, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि कण जितके कमी तितकी त्यांच्या संख्येतील अनियमितता अधिक जाणवते. चित्रात दिसणारा रवाळपणा, ज्याला नॉइज म्हणतात, तो मुख्यतः या अनियमिततेतून येतो. संगणकावर नॉइज कमी करणारी साधने गेल्या काही वर्षांत फार सुधारली असून, अ‍ॅडोबी लाइटरूममध्ये २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली अशी सोय आली. तिच्यामुळे एखाद-दोन स्टॉपांची तूट भरून निघू शकते, परंतु हालचालीने पुसट झालेला चेहरा तिला परत आणता येत नाही. म्हणून तडजोड करायचीच असेल तर ती शटरपेक्षा आयएसओमध्ये करावी, हा नियम अजूनही टिकून आहे.

झूम लेन्स नाट्यगृहात उशिरा का आली

३५ मिलिमीटर स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स फोक्टलेंडर कंपनीने १९५९ साली ‘झूमार’ या नावाने आणली. व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते फ्रँक बॅक यांनी तिची रचना केली होती, तिचा पल्ला ३६–८२ मिलिमीटर होता आणि अ‍ॅपर्चर तेव्हाही एफ/२.८ होते. तरीही पुढील कित्येक दशके रंगमंचाचे छायाचित्रकार एकाच नाभीय अंतराच्या, म्हणजे प्राइम लेन्सवरच विसंबून राहिले, आणि याचे कारण वरील हिशेबात सापडते. त्या काळातील बहुप्रचलित कोडॅक ट्राय-एक्ससारख्या ४०० संवेदनक्षमतेच्या फिल्मवर १०० लक्समध्ये एफ/२.८ ला शटर सेकंदाच्या २० व्या भागावर येते, तर ८५ मिलिमीटर एफ/१.८ च्या प्राइमने ते ५० व्या भागापर्यंत नेता येते. फिल्म अधिक वेळ धुऊन, म्हणजे ‘पुश’ करून, १६०० पर्यंत ताणली की कुठे संवादाचे प्रसंग आवाक्यात येत. झूमच्या सोयीसाठी सव्वा स्टॉपहून अधिक प्रकाश सोडणे तेव्हा परवडणारे नव्हते.

डिजिटल सेन्सरची संवेदनक्षमता वाढत गेली तशी ही स्थिती बदलली. एफ/२.८ पूर्वी अपुरे होते, ते आता रंगमंचासाठी पुरेसे झाले, आणि जागेवरून न हलता सगळा रंगमंच व एकटा चेहरा दोन्ही टिपण्याची झूमची क्षमता प्रथमच निर्णायक ठरली. प्रेक्षागृहात उठून पुढे-मागे जाणे इतरांच्या आनंदावर आक्रमण असते, म्हणून या कलेत झूम लेन्स शिष्टाचाराचेही साधन आहे.

जागा आणि पल्ला

लेन्सचा पल्ला ठरवण्यापूर्वी प्रेक्षागृहातील अंतरे मोजणे उपयोगी पडते. सेन्सरची रुंदी गुणिले विषयाचे अंतर भागिले नाभीय अंतर, एवढ्या साध्या गणिताने चित्रात किती रुंदीचे दृश्य मावेल हे कळते. ३६ × २४ मिलिमीटरच्या, म्हणजे फुल-फ्रेम सेन्सरवर, रंगमंचापासून १५ मीटरवरून २०० मिलिमीटरला २.७ मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे दोन पात्रांचा कमरेपासून वरचा संवाद नीट बसतो आणि कॅमेरा उभा धरल्यास उभे पात्र डोक्यापासून पायापर्यंत मावते. त्याच जागेवरून ७० मिलिमीटरला ७.७ मीटर मावतात. नेपथ्याची रुंदी १० मीटर असेल तर संपूर्ण रंगमंचासाठी सुमारे ५४ मिलिमीटर लागतील, जे ७०–२०० च्या पल्ल्यात नाही. म्हणूनच व्यावसायिक छायाचित्रकाराच्या पिशवीत ७०–२०० च्या जोडीला २४–७० असते आणि अनेकदा दोन कॅमेऱ्यांवर दोन्ही लावलेल्या असतात.

एकच लेन्स घ्यायची असेल, तर कार्यक्रमाचा प्रकार निर्णय देतो. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात प्रेक्षकांमधून नाटक टिपणाऱ्याला ७०–२०० आधी लागते. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या, १९५३ पासून चालत आलेल्या मोठ्या संगीत महोत्सवात कलाकार एका जागी बसलेला असतो, पण त्याच्याजवळ जाणे शक्य नसते. तेथेही ७०–२०० चीच गरज पडते. घरगुती बैठक, मंगल कार्यालयातील विधी, पुस्तक प्रकाशनाचा समारंभ यांत मात्र अंतर दोन ते पाच मीटरांचे असते, गर्दीत मागे सरकायला जागा नसते, आणि २४–७० किंवा २८–७५ हा पल्ला अधिक कामाचा ठरतो. एकांकिका स्पर्धांत एका दिवसात अनेक संघांचे प्रयोग होतात आणि दोन प्रयोगांच्या मध्ये लेन्स बदलणेही जिकिरीचे असते. अशा कामासाठी टॅमरॉनने २०२१ मध्ये आणलेली ३५–१५० मिलिमीटर एफ/२–२.८ ही लेन्स विचार करण्याजोगी आहे, कारण १५ मीटरवरून ती पूर्ण रंगमंचापासून सुमारे ३.६ मीटर रुंदीच्या दृश्यापर्यंत पोहोचते. तिचे वजन १ किलो १६५ ग्रॅम आहे, हे मात्र हातांना आधीच सांगून ठेवावे लागते.

जिथे शक्य असेल तिथे रंगीत तालमीला चित्रे काढण्याची परवानगी मिळवणे हा उत्तम मार्ग आहे. वेशभूषा, नेपथ्य आणि प्रकाश प्रयोगासारखेच असतात, प्रेक्षक नसल्याने छायाचित्रकाराला पुढे जाता येते, आणि महागड्या लांब लेन्सची गरज अंतर कमी करून भागवता येते.

सेन्सर आणि लेन्स यांचा एकत्र विचार

दुकानात लेन्सची तुलना बहुधा एकट्या लेन्सच्या आकड्यांवर होते. प्रत्यक्षात ती कॅमेऱ्यासह व्हायला हवी. एपीएस-सी या लहान सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते आणि त्यावर दृश्याचा कोन दीडपट लांब लेन्ससारखा अरुंद होतो. एफ-आकडा तोच राहिला तर शटर आणि आयएसओचे गणित बदलत नाही, परंतु सेन्सरचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी असल्याने एकूण गोळा होणारा प्रकाश कमी पडतो आणि नॉइज सुमारे एका स्टॉपने अधिक दिसतो. स्थूलमानाने एपीएस-सी वरील एफ/२.८ आणि फुल-फ्रेमवरील एफ/४ या दोन जोड्या सारख्या गुणवत्तेचे चित्र देतात. म्हणून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी भारी एफ/२.८ लेन्स घ्यावी की तेवढ्याच खर्चात जुना फुल-फ्रेम कॅमेरा आणि एफ/४ ची हलकी लेन्स घ्यावी, हा प्रश्न अनेकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

लहान सेन्सरवरच राहायचे असेल तर वेगळी वाटही आहे. सिग्माने २०१३ साली १८–३५ मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स आणली तेव्हा संपूर्ण पल्ल्यात एफ/१.८ देणारी झूम प्रथमच एपीएस-सी कॅमेऱ्यांना मिळाली. फुल-फ्रेमच्या भाषेत ती २७–५३ मिलिमीटर आणि एफ/२.७ इतक्या योग्यतेची आहे. पल्ला आखूड असला तरी बैठकीच्या खोलीत तो पुरतो. वजनाचा प्रश्न असणाऱ्यांसाठी सिग्माचीच १८–५० मिलिमीटर एफ/२.८ ही मिररलेस कॅमेऱ्यांची लेन्स ३०० ग्रॅमच्या आत बसते.

फोकस, कंप आणि दिव्यांची झगमग

मोठ्या छिद्राची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. फुल-फ्रेमवर २०० मिलिमीटर आणि एफ/२.८ ठेवून १० मीटरवरच्या पात्रावर फोकस केला, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची एकूण जाडी सुमारे ४० सेंटिमीटर असते. गायकाचा चेहरा स्पष्ट आला तरी मागे बसलेले तंबोऱ्याचे साथीदार धूसर होतात. मैफलीत हे शोभून दिसते, नाटकात दोन पात्रे पुढे-मागे उभी असतील तर अर्थहानी करते. ऑटोफोकसला मात्र मोठ्या छिद्राचा निखळ लाभ होतो, कारण तो आलेल्या प्रकाशावरच चालतो आणि अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांतील काही फोकसबिंदू एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सवरच आपली पूर्ण अचूकता दाखवतात. फोकसला साह्य करणारा कॅमेऱ्यावरचा दिवा कार्यक्रमापूर्वी बंद करणे अनिवार्य आहे.

कंपनरोधक यंत्रणेविषयी एक गैरसमज रूढ आहे. ही यंत्रणा लेन्समधील काच किंवा सेन्सर उलट दिशेने हलवून छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषते. रंगमंचावरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही. समाधीत बसल्यासारख्या स्थिर गायकासाठी ती फार उपयुक्त आहे, नर्तकासाठी तिचा उपयोग मर्यादित आहे. त्यामुळे ‘एफ/४, पण कंपनरोधक’ आणि ‘एफ/२.८, पण साधी’ या दोहोंत निवड करायची वेळ आली, तर नृत्य-नाट्यासाठी दुसरी आणि मैफलीसाठी पहिलीही चालेल, असे विवेकाने म्हणता येते.

एलईडी दिव्यांनी एक नवी अडचण आणली आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्यावर थेट चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतात, आणि मंद केलेले एलईडी याहून वेगळ्या गतीने लुकलुकतात. शटर फार वेगवान ठेवले, विशेषतः आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर चित्रात आडवे काळपट पट्टे येतात, कारण बहुतेक सेन्सर चित्र एका दमात न वाचता ओळीओळीने वाचतात. वीजप्रवाहाच्या गतीने लुकलुकणाऱ्या दिव्यांखाली १०० वा भाग हा वेग पूर्ण एक आवर्तन सामावून घेतो आणि पट्टे टाळतो. या वेगावर थांबावे लागले की मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे आयएसओ खाली ठेवता येतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

काच पारखताना

एफ/२.८ हा आकडा कोरलेला आहे एवढ्यावरून लेन्स त्या छिद्राला उपयोगी आहे असे ठरत नाही. काही जुन्या लेन्स पूर्ण उघडल्यावर मऊ चित्र देतात आणि एफ/४ केल्यावर सुधारतात. अशी लेन्स घेणारा एफ/२.८ चे पैसे आणि वजन देऊन एफ/४ च वापरत राहतो. म्हणून तपासणी नेहमी सर्वांत लांब टोकाला, छिद्र पूर्ण उघडून, अंधाऱ्या खोलीत करावी आणि चौकटीत कडेला एक उघडा दिवा ठेवावा. झूममध्ये काचा पुष्कळ असतात, त्यांच्या पृष्ठभागांवर प्रकाश परावर्तित होऊन चित्रावर धुरकट पडदा किंवा भुतासारखे ठिपके उमटतात, आणि प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेल्या रंगमंचीय दिव्यांत हा दोष तत्काळ उघडा पडतो.

जुनी लेन्स घेताना कोकण, मुंबई आणि गोव्यातील दमट हवेत काचेवर वाढणाऱ्या बुरशीची भीती खरी असते. लेन्समधून टॉर्चचा प्रकाश तिरका टाकल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. अशी लेन्स उजेडात बरी चित्रे देईल, परंतु काळ्या पार्श्वभूमीवरचा झोत तिच्यात पसरतो. घेतलेली लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या बंद पेटीत ठेवावी.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये. दोन अंकी नाटकात कॅमेरा दोन-अडीच तास डोळ्याशी राहतो. सोनीच्या ७०–२०० एफ/२.८ लेन्सची पहिली आवृत्ती १,४८० ग्रॅमची होती, २०२१ ची दुसरी आवृत्ती १,०४५ ग्रॅमवर आली. टॅमरॉनच्या ७०–१८० एफ/२.८ ची पहिली आवृत्ती तर ८१० ग्रॅमची होती. थकलेला हात कापतो, आणि मग चांगल्या काचेचा उपयोग उरत नाही.

खरेदीचा क्रम

या सर्व विवेचनातून खर्चाचा एक सुज्ञ क्रम निघतो. ज्याच्याकडे केवळ किट लेन्स आहे त्याने प्रथम ८५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ प्राइम घ्यावी, कारण अल्प किमतीत ती एफ/२.८ च्या सुमारे २.४ पट प्रकाश देते आणि मंद प्रकाशात काम करण्याची शिस्त शिकवते. त्या प्राइमने काढलेल्या चित्रांत कोणता पल्ला वारंवार कमी पडतो हे पाहून मग एफ/२.८ ची एकच झूम निवडावी, आणि विकत घेण्यापूर्वी ती एका पूर्ण प्रयोगासाठी भाड्याने आणून वापरावी. दुसरी झूम तेव्हाच घ्यावी जेव्हा पहिलीने टिपलेल्या कामातून तिची गरज सिद्ध होईल. एफ/५.६ पर्यंत मिटणारी, पल्ल्याने डोळे दिपवणारी १८–२०० किंवा ७०–३०० ही उन्हातील सहलीची साथीदार आहे. नाट्यगृहासाठी तिच्यावर खर्च करू नये.

मराठी रंगभूमीवरील असंख्य प्रयोग असे आहेत की ज्यांचे ध्वनिमुद्रण नाही, चित्रफीत नाही, आणि पुढच्या अभ्यासकाला नेपथ्य कसे होते, नट कुठे उभा होता, प्रकाश कोणत्या बाजूने येत होता हे सांगू शकतील अशी साधने म्हणजे काही छायाचित्रेच असतात. फ्लॅशने उजळलेले चित्र त्या अभ्यासकाला नटाचे तोंड दाखवते, प्रयोगाचा प्रकाश मात्र दडवते. पुरेशा अ‍ॅपर्चरची लेन्स निवडणारा छायाचित्रकार त्या प्रयोगाचा प्रकाशही नोंदवून ठेवतो, आणि म्हणून हौशी संस्थांनी, महाविद्यालयांच्या नाट्यमंडळांनी व नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी मिळून एखादी चांगली झूम लेन्स सामायिक ठेवणे हा खर्च दस्तऐवजीकरणाचा खर्च मानावा.